चेक : अर्थ किती, उगम किती?

मराठी माणसाच्या रोजच्या बोलण्यात ‘चेक’ हा शब्द किती वेषांत वावरतो, हे मोजू गेले तर बोटे पुरत नाहीत. बँकेत टाकलेला चेक वटतो किंवा परत येतो. दुकानात कुणी साधा शर्ट मागतो, कुणी चेक्सचा. लोकलमध्ये तिकीट चेकर चढतो, मुलुंडला चेकनाका नावाचा थांबाच आहे, दवाखान्यात बीपी चेक होते, विमानतळावर चेक-इन करावे लागते आणि पटावरचा राजा कोंडला की चेकमेट होते. पैसे देण्याचा कागद, कापडावरच्या चौकटी, तपासणी आणि राजाला दिलेला शह या चार गोष्टींत समान असे काही चटकन दिसत नाही. म्हणून हे मुळात चार वेगळे शब्द असावेत आणि उच्चारात योगायोगाने एकत्र आले असावेत, असे कुणालाही वाटेल. या प्रकरणाचे म्हणणे मात्र उलट आहे. हे सारे अर्थ एकाच शब्दाचे आहेत, तो शब्द जन्माने इंग्रजी नाही आणि त्याचा मूळ अर्थ ‘राजा’ असा आहे. अर्थात निष्कर्ष मनोरंजक आहे एवढ्यावर तो स्वीकारायचे कारण नाही. शब्दांच्या जन्माच्या सुरस गोष्टी हव्या तितक्या मिळतात. त्यांतली खरी कोणती आणि रचलेली कोणती, हे कसे ठरवायचे, याचा धडा म्हणून ‘चेक’ पाहण्यासारखा आहे.

आधी शंका घेणाऱ्याची बाजू. एकसारखे दिसणारे शब्द वेगवेगळ्या मुळांतून आलेले असतात, याची उदाहरणे इंग्रजीत भरपूर आहेत, आणि दोन तर बुद्धिबळातच सापडतात. चेकमेटमधला ‘मेट’ फारसीतून आलेला. मित्राला किंवा जोडीदाराला म्हणतात तो ‘मेट’ जर्मनिक कुळातला, ‘एका ताटात जेवणारा’ अशा अर्थाचा आणि ‘मीट’ या शब्दाचा नातलग. पटावरचा ‘रूक’, म्हणजे आपला हत्ती, फारसी ‘रुख’वरून आलेला, कावळ्याच्या जातीतला ‘रूक’ नावाचा पक्षी जुन्या इंग्रजीतला. चेक प्रजासत्ताकातल्या लोकांचे इंग्रजी नाव उच्चारात हुबेहूब ‘चेक’, पण ते स्लाव्ह लोकांचे स्वतःचे नाव आहे आणि आपल्या विषयाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. तेव्हा सारखेपणा हा पुरावा होऊ शकत नाही. तो फार तर चौकशीला आरंभ करून देतो. चौकशीच्या कसोट्या तीन. शब्द एका भाषेतून दुसऱ्या भाषेत गेल्याच्या खुणा कागदोपत्री, काळाच्या ओळीने मिळायला हव्यात. त्याच्या रूपात झालेले बदल त्या त्या भाषेच्या इतर शब्दांतही दिसणाऱ्या नियमांत बसायला हवेत. आणि एका अर्थातून दुसरा अर्थ निघताना प्रत्येक पायरी माणसांच्या व्यवहारात दाखवता यायला हवी.

पहिली खूण इराणमध्ये आहे. बेहिस्तूनच्या कड्यावर दारयवहु राजाने इसवी सनापूर्वी ५२०च्या सुमारास जो प्रचंड लेख कोरवला, त्यात तो स्वतःला ‘ख्शायथिय’ म्हणवतो. सत्ता गाजवणे या अर्थाच्या धातूपासून बनलेला हा शब्द संस्कृत ‘क्षत्र’चा सख्खा चुलतभाऊ. पुढे झिजत झिजत तो ‘शाह’ झाला. दरम्यान भारतातला ‘चतुरंग’ हा खेळ सासानी काळात इराणात पोचला आणि तिथे त्याचे ‘चत्रंग’ झाले. प्रतिपक्षाच्या राजावर मारा आला की खेळाडूने ‘शाह’ असे पुकारून त्याला सावध करायचे, हा तिथला रिवाज. सातव्या शतकात अरबांनी इराण जिंकले तेव्हा हा खेळही त्यांनी घेतला, ‘शतरंज’ या नावाने. इथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. अरबीत राजाला ‘मलिक’ हा स्वतःचा, चांगला रुळलेला शब्द होता. तरीही पटावरच्या राजाला अरब ‘शाह’च म्हणत राहिले. म्हणजे हा शब्द राजदरबाराच्या वाटेने पुढे सरकला नाही, तो खेळाची परिभाषा म्हणून सरकला. त्याचा पुढचा सगळा प्रवास या एका गोष्टीने ठरवला.

अरबांकडून हा खेळ स्पेन आणि इटलीच्या बाजूने युरोपात शिरला. स्वित्झर्लंडमधल्या आइन्सीडेल्नच्या मठात जपलेले एक लॅटिन काव्य दहाव्या शतकाच्या अखेरीचे मानले जाते. युरोपात बुद्धिबळाचे वर्णन करणारा उपलब्ध असलेला हा सर्वांत जुना मजकूर. मध्ययुगीन लॅटिनने ‘शाह’चा ‘स्काकस’ केला. त्या भाषेला ‘श’ आणि शब्दाच्या शेवटचा ‘ह’ हे दोन्ही ध्वनी परके होते, म्हणून त्यांच्या जागी जवळचे ध्वनी आले. फ्रेंचमध्ये आल्यावर त्याचे ‘एशेक’ झाले, आणि हा बदल या शब्दापुरता नाही. लॅटिन ‘का’चा फ्रेंचमध्ये ‘च’ आणि पुढे ‘श’ होणे हा त्या भाषेचा ठरलेला नियम आहे. मांजराला लॅटिनमध्ये ‘कात्तुस’, फ्रेंचमध्ये ‘शा’. शब्दारंभीच्या जोडाक्षरी ‘स’पूर्वी ‘ए’ लागणे हाही तसाच नियम. शाळेची ‘स्कोला’ फ्रेंचमध्ये ‘एकोल’ होते. नॉर्मन राज्यकर्त्यांच्या फ्रेंचमधून शब्द इंग्रजीत उतरला तेव्हा तो आरंभीचा ‘ए’ पुन्हा गळाला, जसा ‘एस्क्वायर’चा ‘स्क्वायर’ झाला. उरले ते ‘चेक’. १३००च्या आसपास बुद्धिबळातली पुकार म्हणून तो इंग्रजीत भेटू लागतो. ‘शाह’ आणि ‘चेक’ कानाला अजिबात सारखे लागत नाहीत, तरी त्यांच्यामधली प्रत्येक कडी दाखवता येते. ‘रूक’ आणि ‘रूक’ तंतोतंत सारखे, पण त्यांच्यात कडी एकही नाही. व्युत्पत्तीच्या विचारात कानाला दुय्यम स्थान द्यावे लागते ते यासाठी.

‘चेकमेट’ म्हणजे ‘शाह मात’ हे बहुतेकांना ठाऊक असते, आणि त्याचा अर्थ ‘राजा मेला’ असाच सर्वत्र सांगितला जातो. अरबीत ‘मात’ म्हणजे ‘तो मेला’, तेव्हा हा अर्थ सरळ वाटतो. पण बुद्धिबळात राजा कधीच मारला जात नाही. तो कोंडला जातो, त्याला हलायला घर उरत नाही आणि डाव तिथे थांबतो. फारसीत ‘मात’चा अर्थ हतबल, निरुत्तर, गोंधळून थिजलेला असा आहे, खेळातल्या परिस्थितीला तो नेमका लागू पडतो. शिवाय शब्दप्रयोगातला पहिला शब्द फारसी आहे आणि खेळही अरबांच्या आधी इराणात रुजलेला होता. त्यामुळे ‘राजा हतबल झाला’ हा अर्थ अधिक ग्राह्य ठरतो. मराठीचा कौलही त्याच बाजूचा आहे. संकटावर किंवा प्रतिस्पर्ध्यावर ‘मात करणे’ म्हणजे त्याला निष्प्रभ करणे. त्यात कुणाचा मृत्यू अभिप्रेत नसतो.

आता अर्थांच्या फांद्या. पहिली फांदी पुकारीतून फुटली. ‘चेक’ पुकारल्यावर समोरच्याला हातातला बेत सोडून आधी राजा वाचवावा लागतो. त्याची चाल अडते. चौदाव्या शतकातच पटाबाहेरच्या अडवणुकीला, माघार घ्यायला लावणाऱ्या धक्क्याला इंग्रजीत ‘चेक’ म्हटले जाऊ लागले. अडवण्यातून लगाम घालणे, काबूत ठेवणे हा अर्थ आला. काबूत ठेवायचे तर नजर ठेवावी लागते, आणि नजर ठेवायची तर एका नोंदीशी दुसरी ताडून पाहावी लागते; सतराव्या शतकाच्या अखेरीस ‘चेक’ला पडताळणीचा अर्थ आलेला दिसतो. राज्यसत्तेच्या एका शाखेने दुसरीवर ठेवायच्या नियंत्रणाला इंग्रजीत ‘चेक्स अँड बॅलन्सेस’ म्हणतात, तिथे अडवणे आणि तपासणे हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. आपला चेकनाकाही तसाच : गाडी अडवायची आणि मग तपासायची.

यावर कुणी म्हणेल, की मागाहून ओळीने मांडल्या तर कोणत्याही अर्थाला कोणत्याही अर्थापर्यंत नेता येते. या पायऱ्या कल्पनेने रचलेल्या नाहीत कशावरून? आक्षेप रास्त आहे, आणि त्याला उत्तर इतर भाषांकडून मिळते. फ्रेंचमध्ये ‘एशेक’चे अनेकवचन म्हणजे बुद्धिबळ आणि एकवचन म्हणजे अपयश. जर्मनमध्ये एखाद्याला ‘शाखमध्ये धरणे’ म्हणजे त्याला डोके वर काढू न देणे. ‘शाख’ हे तिथले बुद्धिबळाचे नाव. या दोन भाषा इंग्रजीच्या शेजारी आहेत, त्यांनी एकमेकींचे अनुकरण केले असेल असे म्हणता येईल. पण मराठीबद्दल तसे म्हणता येत नाही. आपला ‘शह’ फारसीतून थेट आला; लॅटिन, फ्रेंच आणि इंग्रजी ही वळणे त्याने घेतलीच नाहीत. तरीही आपण राजकारणातल्या ‘शह-काटशहा’बद्दल बोलतो, एका नेत्याला शह देण्यासाठी दुसऱ्याला बळ दिले गेले असे म्हणतो. दोन हजार कोसांवरच्या दोन भाषांत एकच शब्द वेगवेगळ्या रस्त्यांनी पोचला आणि दोन्हीकडे पटावरची पुकार अडवणुकीचे क्रियापद झाली. ही पायरी खेळाच्या स्वभावातच आहे, याला याहून चांगला साक्षीदार मिळणे कठीण.

दुसरी फांदी पुकारीतून नव्हे, पटातून फुटली. ‘स्काकस’वरून पटाला लॅटिनमध्ये ‘स्काकारियम’ हा शब्द झाला, फ्रेंचमध्ये ‘एशेकिये’. बाराव्या शतकाच्या आरंभी, पहिल्या हेन्रीच्या कारकिर्दीत, इंग्लंडच्या राजाचा हिशेब तपासणाऱ्या दफ्तराला हेच नाव मिळालेले दिसते. त्यामागचे कारण अंदाजाने सांगावे लागत नाही, कारण त्या दफ्तराचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने ११७७च्या सुमारास गुरुशिष्य-संवादाच्या रूपात एक ग्रंथ लिहून तिथला सगळा कारभार नोंदवला आहे. सुमारे दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद मेज; वरच्या वस्तू घरंगळू नयेत म्हणून त्याला चार बोटे उंचीची कड; त्यावर अंथरलेले काळे कापड आणि कापडावर आखलेल्या रेघा. निरनिराळ्या परगण्यांचे शेरीफ ईस्टरला आणि मायकलमसला, असे वर्षातून दोनदा हिशेब द्यायला येत. पेनी, शिलिंग, पौंड, विसाचे पौंड, शेकडा, हजार अशा उभ्या रकान्यांत गोट्या मांडून रक्कम दाखवली जाई. नोंदी रोमन आकड्यांत ठेवल्या जात आणि त्या आकड्यांत बेरीज-वजाबाकी मांडणे जिकिरीचे. गोट्या सरकवल्या की निरक्षर शेरीफलाही आपण किती देणे लागतो ते समोर दिसे. हे मेज बुद्धिबळाच्या पटासारखे दिसते म्हणून हे नाव, असे फिट्झनील सांगतो, आणि खजिनदार व शेरीफ यांच्यातला सामनाही पटावरच्या लढतीसारखाच चालतो, अशी पुस्ती जोडतो.

ब्रिटनचा अर्थमंत्री आजही ‘चान्सलर ऑफ द एक्स्चेकर’ म्हणवला जातो, म्हणजे शब्दशः पटाचा अधिकारी. त्या शब्दातला ‘एक्स’ मात्र विद्वत्तेच्या आगंतुकपणाने आला. फ्रेंच शब्दातला आरंभीचा ‘एस’ हा लॅटिन ‘एक्स’ या उपसर्गाचा अपभ्रंश असावा, असे समजून कुणीतरी तो ‘दुरुस्त’ केला, आणि ती चुकीची दुरुस्तीच प्रमाण ठरली. याच पटावरून चौकटींच्या नक्षीला इंग्रजीत ‘चेकर’ आणि थोडक्यात ‘चेक’ म्हणू लागले. शर्टावरचे चेक्स ते हेच. इथेही बाहेरचा साक्षीदार हजर आहे. पोर्तुगीजांनी बुद्धिबळाला राजाचे नाव दिले नाही. त्यांनी अरबी ‘शतरंज’च उचलला आणि त्याचे ‘शाद्रेश’ केले. म्हणजे मूळ शब्द वेगळा, आपला ‘चतुरंग’. पण पोर्तुगीजमध्ये चौकटीच्या कापडालाही ‘शाद्रेश’च म्हणतात, आणि गजांच्या चौकटींमुळे बोलीत तुरुंगालाही. खेळाचे नाव पटाकडे आणि पटाचे नाव नक्षीकडे सरकणे ही इंग्रजीची लहर नव्हती, हे त्यावरून दिसते.

उरला बँकेचा चेक, आणि खरा वाद त्याच्याभोवती आहे. पडताळणीचा अर्थ रुळल्यावर अठराव्या शतकाच्या आरंभी इंग्रजीत ‘चेक’ हे नाव ताडून पाहण्यासाठी ठेवलेल्या जोडकागदाला मिळाले. आपल्याकडे पावतीपुस्तकात जी स्थळप्रत उरते, तिच्यासारखाच हा कागद. फाडून दिलेला तुकडा आणि ठेवून घेतलेला तुकडा जुळला तर व्यवहार खरा. बँक ऑफ इंग्लंडने १७१७ मध्ये पैसे काढण्यासाठी छापील, क्रमांक घातलेले नमुने सुरू केले. ठेवलेल्या भागाचे नाव हळूहळू दिलेल्या भागाला लागले आणि बँकेवर काढलेल्या आदेशालाच ‘चेक’ म्हणू लागले. अमेरिकेत रेल्वेने सामानासाठी दिलेल्या जोडबिल्ल्यालाही ‘चेक’ म्हणत, त्यातही हीच जुळवाजुळव आहे. बँकेच्या चेकचे ‘क्यू’ असलेले स्पेलिंग नंतरचे. बँकिंगवर लिहिणारा जेम्स विल्यम गिलबार्ट याने १८२८ मध्ये त्याची बाजू मांडली ती दोन कारणांनी : एक तर त्याने इतर अर्थांशी घोटाळा टळतो, आणि दुसरे, ते ‘एक्स्चेकर’शी मिळतेजुळते आहे. ब्रिटन आणि भारत या स्पेलिंगवर स्थिरावले. आपला १८८१चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायदा तेच वापरतो. अमेरिकेने जुने स्पेलिंग सोडले नाही. चेक शब्द थेट पडताळणीतून आला की एक्स्चेकरच्या छायेत वाढला, यावर वाद घालता येतो, पण त्याने उगम बदलत नाही. दोन्ही वाटा त्याच पटाकडे जातात.

याला विरोध करणारे मत असे, की बँकेचा चेक अरबी ‘सक्क’पासून आला. हे मत हसण्यावारी नेण्यासारखे नाही. ‘सक्क’ म्हणजे लेखी दस्तऐवज, देण्याची चिठ्ठी. मध्ययुगीन अरब व्यापारात असे कागद सर्रास चालत. दहाव्या शतकातला प्रवासी इब्न हौकल याने सहाराच्या कडेला असलेल्या औदघोस्त गावी बेचाळीस हजार दिनारांच्या देण्याचा असा एक दस्त पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. अर्थ जुळतो, ध्वनीही बऱ्यापैकी जुळतो, आणि युरोपच्या व्यापारी परिभाषेत अरबी शब्द पुष्कळ आहेतच. पण वर सांगितलेल्या कसोट्या लावल्या की हे मत अडते. ‘सक्क’ इंग्लंडपर्यंत पोचायचा तर इटली, स्पेन किंवा फ्रान्सच्या मध्ययुगीन कागदांत त्याची पावले उमटायला हवीत, जशी ‘स्काकस’ची उमटली आहेत. प्रत्यक्षात फ्रेंचांनी आपला ‘शेक’ इंग्रजीकडून उसना घेतला, आणि चेकविषयीचा त्यांचा पहिला कायदा १८६५चा आहे. दुसरे म्हणजे, ‘सक्क’वरून शब्द आला असता तर इंग्रजीत त्याचा पहिला अर्थ देण्याची चिठ्ठी असा असायला हवा होता. तो आहे ताडून पाहण्याचा जोडकागद. लेखी आदेशाने पैसे देण्याची कल्पना अरबांकडे युरोपाच्या कितीतरी आधी होती, हे निर्विवाद. पण वस्तूचा इतिहास आणि वस्तूच्या नावाचा इतिहास यांची गल्लत करता येत नाही. बुद्धिबळाचेच पाहा : खेळ भारतातला, पण इंग्रजीतले त्याचे नाव इराणी राजाचे.

शेवटचा आक्षेप वेगळ्या जातीचा आहे. उगम एक असेल, पण आज लंडनच्या किंवा पुण्याच्या माणसाला शर्टाचे चेक्स आणि बँकेचा चेक यांत काहीही नाते जाणवत नाही. मग त्यांना एक शब्द म्हणण्यात अर्थ काय? यात तथ्य आहे. बोलणाऱ्याच्या मनातली आजची विभागणी आणि इतिहासातली विभागणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत. इंग्रजीत फूल आणि पीठ यांचे शब्द मुळात एकच होते. पिठाचा सर्वांत चांगला भाग तो त्याचे ‘फूल’, या अर्थाने. स्पेलिंग वेगळे झाल्यावर ते दोन शब्द झाले आणि आता ते तसेच राहतील. बँकेच्या चेकचेही ब्रिटनमध्ये तेच झाले. म्हणून व्युत्पत्तीच्या आधारे कुणालाही ‘चेकचा खरा अर्थ राजा’ असे बजावता येत नाही. शब्दाचा आजचा अर्थ आजचे बोलणारेच ठरवतात. उगम एवढेच सांगतो, की हे अर्थ एकमेकांपासून कसे आणि कोणत्या व्यवहारात दुरावले. तेवढे सांगणेही कमी मोलाचे नाही, कारण त्यातूनच बाराव्या शतकातले हिशेबाचे मेज आणि अठराव्या शतकातली बँकेची खिडकी आपल्याला दिसते.

मराठी वाचकाला या कथेत आणखी एक फायदा आहे. त्या एका इराणी-भारतीय धातूची चार रूपे आपल्या भाषेत चार वेगळ्या दारांनी आली. ‘क्षत्र’ आणि ‘क्षत्रिय’ संस्कृतातून वारशाने आले. ‘क्षत्रप’ ही पदवी इराणातून आली आणि नहपानाच्या नावापुढे नाशिकच्या लेण्यांत कोरली गेली. ‘बादशहा’ आणि ‘शह’ फारसी अमलात आले, आणि ‘चेक’ इंग्रजी अमलात. पण याच आनंदात कुणी ‘शहाणा’ हा शब्द ‘शहा’शी जोडू लागला तर त्याला थांबवले पाहिजे, तो हिंदी ‘सयाना’चा भाऊ, ‘सज्ञान’च्या घरातला. तेव्हा पुढच्या वेळी एखाद्या शब्दाची नवलाची जन्मकथा कानावर आली, तर दोन शब्द किती सारखे वाटतात हे विचारू नका. मधल्या कड्या कुठे आहेत, त्या कोणत्या कागदात सापडतात आणि ध्वनीचा बदल इतर शब्दांतही दिसतो का, एवढे विचारा. या प्रश्नांना उत्तर नसेल, तर कथा कितीही रंगतदार असो, ती व्युत्पत्ती नव्हे.